मदत हवी आहे: सलग एका कापडातून रेनकोट बेतायचाय, टोपी कुठून काढू?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. स्कूटरवर घालायला रेनकोट शिवायचा आहे. बाजारच्या रेनकोटांत पाणी आधी खांद्याच्या आणि मुंढ्याच्या शिवणीतून झिरपतं, म्हणून त्या दोन शिवणीच नकोत असं ठरवलंय.

कापड: नायलॉन टॅफेटा २१०टी, आतून पीयू कोटिंग (पाणी अडवणारा लेप), पन्हा ५८ इंच, लांबी अडीच मीटर. प्लेन गडद निळं.
मापं: उंची ५ फूट ३, छाती ३८, मानेच्या मागच्या हाडापासून मनगटापर्यंत २९॥ (साडेएकोणतीस) इंच.
मशीन: साधं, सरळ टाक्याचं.

डोक्यात आहे ते असं. कापडाची घडी खांद्यावर येईल, मधोमध गळा, दोन्ही बाजूंना बाह्या सलग, आणि शिवण फक्त काखेतून खाली. अडलंय ते तीन जागी. टोपीही त्याच तुकड्यात सलग निघेल का? पुढे पूर्ण चेन लावू की डोक्यातून घालायचा करू? आणि पन्ह्यात बाही पुरेल का? कापड एवढंच आहे, कात्री चुकली तर संपलं.

पेठी उत्तर

टोपी सलग निघणार नाही. चेन लावू नका. बाही पुरणार नाही.

आणि टॅफेट्याला हात लावायच्या आधी घरातली जुनी एकेरी चादर काढा. ६० बाय ९० असते, म्हणजे जवळपास तुमच्याच मापाची. आधी ती कापा.

कात्रीवाली

वरच्या तिन्ही उत्तरांशी सहमत, फक्त कारणं सांगते, नाहीतर सुईदोराताई चादर पण फुकट घालवतील.

टोपीचं आधी. खांद्यावर घडी घातली की गळा हे कापडाच्या मधलं भोक होतं. भोकाच्या कडेला वाढवायला कापडच नसतं. गळ्यातून निघतो तो साधारण ७ बाय ४ इंचाचा तुकडा, त्यात टोपी कशी येणार? टोपी पुढच्या भागाला सलग वाढवता येते, पण मग कापडाची मधली रेघ पाठीवर घ्यावी लागते आणि खांद्यावर शिवण येते. म्हणजे जी टाळायची तीच. खांदा बिनशिवणीचा हवा असेल तर गळ्याला एक शिवण सोसा. गळ्याची शिवण टेपने (आतून चिकटवायची पट्टी) बंद करणं खांद्यापेक्षा सोपं, कारण तिथे ओढ कमी बसते.

आता बेतणं. कडेचा अर्धा-अर्धा इंच आधी सोडून द्या. कोटिंग करताना कापड ताणून धरायला काठाला पिना टोचलेल्या असतात, त्या भोकांची रांग उजेडात धरली की दिसते. राहिला ५७, अर्धा २८॥.

पुढची लांबी ४२, मागची ४५, दोन्हीकडे दुमडीला एकेक इंच. एकूण ८९. अडीच मीटर म्हणजे ९८, म्हणजे ९ इंचांची आडवी पट्टी बाजूला राहील. ती जपून ठेवा, कॉलर, गळ्याची जीभ (पुढच्या चिरेमागे लावायचा तुकडा) आणि कफ तिच्यातूनच निघतील. पाठ ३ इंच लांब ठेवण्याचं कारण: हॅंडलला हात गेले की पाठ वर चढते आणि सीटवरचं पाणी बरोबर तिथून आत येतं.

मधल्या रेघेपासून एका बाजूचा आकडा, पाऊण इंच माया (शिवणीपलीकडे सोडायचं जास्तीचं कापड) धरून:
काखेशी (घडीपासून १२ खाली) १४॥
खालच्या घेराला १८॥
मनगटाशी बाहीची खोली (ही मात्र घडीपासून खाली) ६॥

चारी भाग जोडून छातीला तयार घेर ५५ येतो. ३८ छातीला १७ इंच मोकळं वाचून घाबरू नका. आत कुर्ता, कधी स्वेटर, आणि हात पुढे ताणलेले.

बाही: २८॥ मधून शिवण गेली की २८ हाती लागते. तुम्हाला मनगटापर्यंत २९॥, हात पुढे घेतल्यावर आणखी दोनेक लागतील. साडेतीन इंच कमी. म्हणून कफ जोडा, कापताना १३ बाय ५। (सव्वापाच) चा. शिवण मनगटाजवळ आली तर काही बिघडत नाही, पाणी तिथून खालीच गळतं. कफाला आत इलास्टिक घालू नका, ते ओलं होऊन रात्रभर वाळत नाही. वेलक्रोची पट्टी पुरे.

टोपी बाह्यांखालच्या उरलेल्या कापडातून काढायची. दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागे, असे चार तुकडे राहतात, वर १४ इंच रुंद, खाली १० पर्यंत निमुळते. टोपी तीन तुकड्यांची करा: दोन बाजू १४ उंच आणि ११ रुंद, मधली पट्टी ६ बाय २६. बाजूच्या तुकड्याचा मागचा वरचा कोपरा गोल असतो, तो नेमका काखेच्या वळणाला पाठ लावून बसतो. कागदावर ठेवून बघा, दोन्ही वळणं एकमेकांत मिटतात. पट्टी मागच्या बाजूच्या तुकड्यातून काढा, तिथे लांबी जास्त आहे.

झाडाखाली थांबलेला

टोपीसकट एकाच तुकड्याचं काही हवंच असेल तर आपली कुंची आहे की! आयताची उभी घडी, वरची कड शिवली की झाली टोपी, खाली सगळा घोळ, मानेशी नाडी. घोंगडीची खोळ तर त्याहून सोपी, तिला शिवणसुद्धा नाही.

कात्रीवाली

कुंची शाळेच्या पोराला उत्तम, दप्तरही झाकतं. मोठ्यांना मात्र अर्धा पन्हा २९ इंच पडतो आणि टोपीची खोली लागते ११-१२. उरलेलं कापड डोळ्यांवर येतं. शिवाय हात आत अडकतात. चालणाऱ्याला चालेल, स्कूटरवर नको.

टीपटाप

शिवणीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. या कापडात सुईचं भोक बुजत नाही. उसवलेली प्रत्येक टीप म्हणजे चाळणी. त्यामुळे टाचण्या बंद, कपड्याचे छोटे चिमटे वापरा. खुणा कोटिंगच्या बाजूने करा, साबणाच्या झिजलेल्या चिपेने. बॉलपेन नको, शाई उतरून बाहेर दिसते.

सुई ११ नंबर, नवी. दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा पाणी शोषून आत आणतो आणि कुजतोही. टाका मोठा ठेवा, इंचाला आठ. बारीक टाका घातला की शिवण पोस्टाच्या तिकिटासारखी त्याच रेघेत फाटते. मशीनच्या दाबाच्या पायाला कोटिंग चिकटून कापड पुढे सरकत नाही, टाके एकावर एक पडतात. पायाच्या तळाला साधी चिकटपट्टी लावा आणि तिला सुईपुरतं भोक पाडा. कापडाखाली बटरपेपर घेऊन शिवला तरी चालतो, नंतर फाडून टाकायचा.

बाजूच्या शिवणी दुहेरी दाबशिवणीने करा. मागची माया पाव इंचावर कापा, पुढची तिच्यावरून दुमडून दाबटीप मारा. दुमडीचं तोंड पाठीकडे गेलं पाहिजे. उलट बसली तर समोरचा वारा त्या फटीत पाणी ढकलतो.

कात्रीवाली

टीपटाप, दाबशिवण बाजूला ठीक. काखेच्या वळणावर नको, तिथे माया गोळा होते आणि चुणी पडते. वळणाच्या सहा इंचांत साधी शिवण, शेजारी शेजारी दोन टिपा, आणि माया पाव इंचावर. कात्रीने खाचा मारू नका, या कापडात खाच पुढे चिरत जाते.

टीपटाप

मान्य. आणि गळ्याला दाबशिवण करून वर टेपही, असं दोन्ही करू नका. जाड घडीवर टेप नीट बसत नाही, कडेने बोगदा राहतो आणि पाणी त्यातून फिरतं. गळ्याला साधी शिवण, माया एका बाजूला, वर टेप.

टेप शिवणीवर इस्त्रीने लावायची मिळते, साधारण २० मिलिमीटर रुंद. ती कोटिंगच्या बाजूनेच चिकटते. इस्त्री नायलॉन आणि सुती यांच्या मधल्या खुणेवर, वाफ बंद, मध्ये सुती कापड. घासायची नाही, आठ-दहा सेकंद दाबून उचलायची. आधी चिंधीवर करून बघा. कोटिंगवर बुडबुडे आले तर उष्णता जास्त आहे. गळ्याच्या गोलाईत सलग टेप चुरगळते, म्हणून दोन-दोन इंचांचे तुकडे, एकावर एक थोडे चढवून. (पीव्हीसीच्या कापडाला हे मुळीच करू नका, इस्त्रीलाच चिकटून येईल.)

सुईदोरा

सगळ्यांचे आभार. चादर कापून, शिवून, घालून पाहिली. तीन गोष्टी खटकल्या:

१. कोट सारखा मागे सरकतो आणि पुढून गळा आवळतो.
२. हात हॅंडलसारखे पुढे केले की खालची कड चार-पाच इंच वर येते. मोकळं व्हावं म्हणून मी काख १२ ऐवजी १५ वर घेतली होती.
३. डोक्यातून घालायचा म्हटलं तर डोकंच जात नाही.

कात्रीवाली

तिन्ही जुन्याच खोडी आहेत.

पहिली: गळा घडीच्या दोन्ही बाजूंना सारखा कापला असणार. मान शरीराच्या मधोमध नसते, पुढे झुकलेली असते. मागे फक्त पाऊण इंच, पुढे साडेतीन, दोन्ही बाजूंना रुंदी ३॥. आधी याहूनही लहान कापा. गळा मोठा करता येतो, लहान करता येत नाही.

दुसरी: काख खाली नेली की मोकळी होते असं वाटतं, होतं उलटं. बाही आणि अंग जितकं खाली जोडलेलं, तितकं हात उचलताना अख्खं अंग बरोबर उचललं जातं. वटवाघळासारखं. काख परत १२ वर आणा आणि तिथे चौबगला घाला, ६ बाय ६ चा चौकोन, कोनावर उभा. उरलेल्या तुकड्यांत सहज बसतो. त्याचे चार कोपरे गळू शकतात, पण काखेत पाऊस पडत नाही.

तिसरी: गळा भोवताली जेमतेम १८-१९ इंच, डोकं २२ च्या आसपास. पुढे मधोमध १२ इंचांची चीर द्या. तिच्या मागे बुटाच्या जिभेसारखा ७ इंच रुंद तुकडा लावा, वर वेलक्रो. चिरेच्या तळाला आतून टेपचा गोल तुकडा चिकटवा, नाहीतर चीर तिथूनच पुढे फाटत जाईल.

सुईदोरा

पूर्ण चेन का नको ते सांगाल का? घालायला-काढायला सोपी पडेल.

टीपटाप

स्कूटरवर बसलं की मांडीवर तळं होतं. चालताना पाणी चेनवरून घसरून जातं, बसल्यावर चेन त्या तळ्याच्या तळाशी येते. दातांतून पाणी जातंच, वर पट्टी असली तरी. शिवाय कापड मधोमध चिरल्यावर एकावर एक चढवायला माया शिल्लक नसते, दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडाव्या लागतात. म्हणजे पुढे ४२ इंचांच्या आणखी दोन शिवणी. सलग कापडाचा सगळा फायदा तिथेच गेला.

पेठी उत्तर

चेन लावायचीच असेल तर मग तयार रेनकोट घ्या. एवढा खटाटोप कशाला?

झाडाखाली थांबलेला

टोपीवर हेल्मेट की हेल्मेटवर टोपी?

कात्रीवाली

टोपीवर हेल्मेट, आणि म्हणूनच टोपी एकेरी, बिनअस्तराची. मधल्या पट्टीच्या दोन्ही शिवणींची माया पट्टीकडेच वळवा, हेल्मेटखाली टोचणार नाही. टोपी घालायची नसेल त्या दिवशी ती पाठीवर लोंबत ठेवू नका. चालत्या गाडीवर वाटीसारखी भरते आणि सिग्नलला मान मागे केली की अख्खी वाटी मानेत. त्यापेक्षा काढता येणारी करा: अडीच इंचांची उभी कॉलर, तिच्या बाहेरच्या पदराला सात टिचबटणं. बटण कॉलरच्या त्या एकाच पदरात ठोका, अंगाच्या कापडात भोक नाही पडलं पाहिजे.

कापड प्लेन आहे हे बरं झालं. छत्र्यांची नक्षी असती तर पाठीवरच्या सगळ्या उलट्या आल्या असत्या.

सुईदोरा

शेवटचं. शिवून झाल्यावर गळत नाही हे कसं तपासायचं? पावसाची वाट बघायची नाहीये.

टीपटाप

टोपीची बटणं ठोकायच्या आधी तपासा. कोट उलटा करायचा नाही, बाहेरची बाजू वरच ठेवा. गळ्याच्या शिवणीचा भाग बादलीच्या तोंडावर झोळीसारखा सैल सोडा, कडा चिमट्यांनी धरा, वर दोन तांबे पाणी ओता आणि खाली बादलीत कोरडा वर्तमानपत्राचा कागद. दहा मिनिटांनी कागद बघा. ठिपका दिसला तर त्याच्या बरोबर वरचं भोक शोधा, कोट पुसून पूर्ण वाळवा आणि आतून टेपचा छोटा तुकडा लावा. ओल्यावर टेप बसत नाही. काखेचे चार कोपरेही असेच बघा, आणि चिरेचा तळ दोनदा.