अमॅच्युअरमधलं मेडल प्रो बॉक्सिंगमध्ये कितपत कामाला येतं?

कृष्णाकाठचा

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, पण घरात गेले तीन आठवडे यावरूनच वाद चालू आहेत म्हणून इथे टाकतोय. माझा भाचा, वय २०, वजन ६३ किलोच्या आसपास, स्टेटला दोन गोल्ड, नॅशनलला एकदा क्वार्टरपर्यंत गेला. पोरगं मेहनती आहे, पहाटे साडेचारला उठून घाटात पळायला जातं. आता एका प्रमोटरचा, म्हणजे प्रो फाइट भरवणाऱ्याचा, फोन आलाय, चार-चार राऊंडच्या फाइट, वर्षाला पाच-सहा, पुढे बाहेरच्या देशातही नेऊ म्हणतात. ताई म्हणते आधी खेळाडू कोट्यातून सरकारी नोकरी लागू दे, त्या ५ टक्के राखीव जागांसाठीच एवढी वर्षं घाम गाळला ना. दाजी म्हणतात नोकरी कुठे पळून जात नाही, वय पळून जातं. आणि भाचा मला रोज रात्री युक्रेनच्या लोमाचेंकोचे व्हिडिओ दाखवतो, मामा हा बघ, अमॅच्युअरमध्ये ३९६ जिंकला आणि एकच हरला, दोन ऑलिम्पिक गोल्ड, आणि प्रोमध्ये तिसऱ्याच फाइटला वर्ल्ड चॅम्पियन!

मला बॉक्सिंग फक्त टीव्हीवर बघण्यापुरतं कळतं. पण विजेंदरचंही आठवतं, एवढं ऑलिम्पिक मेडल असून तो काही वर्ल्ड टायटलपर्यंत गेला नाही. म्हणून विचारतोय, अमॅच्युअरमधलं (स्टेट, नॅशनल, ऑलिम्पिकचं) यश प्रोमध्ये (पैशाच्या फाइटमध्ये) खरंच उपयोगी पडतं का, का तो खेळच वेगळा? ज्यांनी हातात ग्लोव्हज घातलेत त्यांनी प्लीज सांगा.

साउथपॉ_पुणे

मी नऊ वर्षं अमॅच्युअर खेळलोय, प्रो झालो नाही पण प्रोवाल्यांबरोबर स्पारिंग (सरावाची फाइट) भरपूर केलंय, त्यातून सांगतो.

पहिली गोष्ट, भाच्याला लोमाचेंकोची दुसरी फाइट दाखव. तिसरी सगळे दाखवतात. मार्च २०१४, समोर ओरलांडो सालिडो, मेक्सिकोचा, तोपर्यंत डझनभर हार खाल्लेला जुना खोड. सालिडोला ठरलेल्या वजनात बसताच आलं नाही, त्यामुळे त्याचा वर्ल्ड टायटलचा पट्टा आदल्या दिवशी काट्यावरच गेला, आणि रात्री रिंगमध्ये उतरला तेव्हा तो लोमाचेंकोपेक्षा जवळजवळ पाच किलोने जड होता. मग बारा राऊंड अंगावर रेलून राहिला, बेल्टखाली मारलं, क्लिंचमध्ये (मिठी घालून) दमवलं, रेफ्रीने चालू दिलं. लोमाचेंको सुरुवातीचे राऊंड अंदाज घेत बसला, शेवटच्या राऊंडला सालिडो पडता पडता राहिला पण तोवर उशीर झालेला, स्प्लिट डिसिजनने (तीनपैकी दोन जज विरोधात) हरला. ३९६ जिंकलेला माणूस! त्याला कुणी बॉक्सिंग शिकवायची गरज नव्हती, पण ही दुसरी विद्या त्याच्याकडे अजून नव्हती. नंतर जून २०१४ ला गॅरी रसेलला हरवून पट्टा घेतला ते खरंच आहे, पण तो इतक्या लवकर शिकला म्हणून तर तो लोमाचेंको.

आता फरक नेमका कुठे पडतो. अमॅच्युअर बाउट म्हणजे तीन राऊंड, नऊ मिनिटं. पहिला राऊंड गेला की निम्मं घर गेलं, म्हणून घंटा वाजली की सगळे सुटतात, फूटवर्क, हात टाकायचा आणि बाहेर, टाकायचा आणि बाहेर. टायटलची प्रो फाइट बारा राऊंडची, म्हणजे ३६ मिनिटं. तिथे असं नऊ मिनिटं खेळलास की दहाव्या मिनिटाला तू समोरच्याचा बॅग झालास.

दुसरं म्हणजे बॉडी. आमच्या काळात कॉम्प्युटर स्कोअरिंग होतं, १९९२ च्या ऑलिम्पिकपासून आलं ते, पाचपैकी तीन जजांनी एकाच सेकंदात बटण दाबलं तरच पॉइंट. तोंडावरचा सरळ पंच सगळ्यांना दिसतो, पोटातला हूक कुणालाच नीट दिसत नाही, त्यामुळे कोच पण सांगायचे पोटात मारून वेळ घालवू नको. एक अख्खी पिढी बॉडीला मारायचं आणि बॉडीवर खायचं विसरली. २०१३ पासून दहा पॉइंटची पद्धत आली (राऊंड जिंकणाऱ्याला दहा, दुसऱ्याला कमी), पुरुषांचं हेडगार्डही तेव्हाच गेलं, त्यामुळे तुझ्या भाच्याची पिढी आमच्यापेक्षा बरी आहे. पण माझं सांगतो, एकदा एका प्रोबरोबर सहा राऊंडचं स्पारिंग ठरलं, तीन राऊंड मी त्याला हातच लावू दिला नाही, मनातल्या मनात खूष होतो. चौथ्यात त्याने नुसतं डोकं माझ्या खांद्याला लावलं, उजव्या हाताने माझं कोपर किंचित उचललं आणि लिव्हरवर डावा हूक ठेवला. जोरात पण नव्हता. एक सेकंद काहीच झालं नाही, आणि मग पाय खालून काढून घेतल्यासारखे गेले, डोकं पूर्ण शुद्धीवर, सगळं ऐकू येतंय, दहा आकडेही ऐकू आले, पण उठता येईना. ते कोपर उचलणं मला नऊ वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

आणि ग्लोव्हज. ६३ किलोला अमॅच्युअरमध्ये १० औंसचे, प्रोमध्ये ८ औंसचे. गार्डमधून जे निसटत नव्हतं ते निसटायला लागतं. वजन पण बाउटच्या दिवशी सकाळी नाही, आदल्या दिवशी करतात, म्हणजे काट्यावर ६३ असलेला माणूस रात्रभर खाऊनपिऊन चार-पाच किलो वाढून समोर येतो. तुझा भाचा खरोखरचा ६३ असेल तर त्याला कदाचित खालच्या वजनात जावं लागेल.

अप्पा_तालीमवाले

बॉक्सिंगमधलं मला फार कळत नाही, आपण लाल मातीतले. पण हा प्रश्न आमच्याकडे माती आणि मॅटचाच आहे बघा. मातीतला पैलवान अर्धा-अर्धा तास खडाखडी करणारा, दम राखून, समोरच्याला झुलवून खेळणारा. त्याला मॅटवर नेलं की तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, आणि हा अजून अंदाज घेतोय तोवर समोरच्याने सहा गुण घेतलेले. खाशाबा जाधवांसारखा माणूस, १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मॅट नवी होती, सहावे आले. त्यानंतर चार वर्षं त्यांनी तयारी केली आणि १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ आणलं. अंगात ताकद आणि डाव आधीपासून होतेच, पायाखालची जमीन बदलली की ते पुन्हा बसवायला वेळ लागतो. ती चार वर्षं पोराला कोण देणार, तोवर घर कोण चालवणार, ते आधी बघा. खाशाबांसाठी त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं हे विसरू नका.

वरळीकर

विजेंदरबद्दल थोडं लिहितो कारण त्याच्याबाबतीत लोक फार पटकन निकाल देतात आणि मला त्याचं वाईट वाटतं.

तो २००८ ला बीजिंगला ब्राँझ जिंकला तेव्हा २२ वर्षांचा. प्रो झाला ऑक्टोबर २०१५ ला, मँचेस्टरला पहिली फाइट, तेव्हा तिशीला एकोणीस दिवस बाकी होते. म्हणजे पायात सगळ्यात जास्त दम असतो ती सात वर्षं अमॅच्युअरमध्येच गेली, आणि त्याला इलाजही नव्हता, इथे नोकरी, सरकारी बक्षीस, मान, सगळं अमॅच्युअर मेडलला जोडलेलं. आता वर्ल्ड चॅम्पियन झालेले बाकीचे बघा. पॅकियाव १६ व्या वर्षी प्रो, कॅनेलो १५ व्या. ऑलिम्पिक करून आलेल्यांमध्ये जोशुआ २३, लोमाचेंको २५, उसिक २६.

ऑगस्ट २०१७ ला वरळीच्या डोमला मी गेलो होतो, चीनच्या मैमैतीअलीबरोबरची फाइट. टीव्हीवर कळत नाही पण समोर बसलं की पंचाचा आवाज येतो, ओल्या चादरीवर काठी मारल्यासारखा. पहिले काही राऊंड विजेंदर मस्त, जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) लांबून, पायावर हलका. शेवटी शेवटी मात्र तोंड उघडं, हात खाली, आणि तो चिनी पोरगा पुढेच येतोय, बेल्टखाली पण मारतोय. दहा राऊंड झाले, विजेंदर जिंकला, पण दोन जजांच्या कार्डावर फरक एकाच पॉइंटचा होता. सगळा डोम ओरडत होता आणि मी गप्प बसलो होतो, कारण बारा राऊंडचं वर्ल्ड टायटल याला जड जाणार हे तेव्हाच दिसलं. जिंकल्यावर डोकलामवरून भारत-चीनमध्ये असलेला ताण निवळावा म्हणून तो बेल्ट परत द्यायला तयार झाला, ते ऐकून मात्र मी उभा राहून टाळ्या वाजवल्या.

मग मार्च २०२१, पणजीला मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या डेकवर, रशियाचा आर्टिश लोप्सान, साडेसहा फुटांच्या जवळ उंच. विजेंदर सव्वा वर्षाहून जास्त रिंगबाहेर, वय ३५, पाचव्या राऊंडला रेफ्रीने फाइट थांबवली, विजेंदर हरला. ती एक सोडली तर बाकी तेराच्या तेरा जिंकलाय. वाईट करिअर आहे का हे? मला नाही वाटत. पण विरोधक तसे निवडलेले होते, आणि पट्टे एशिया पॅसिफिक, ओरिएंटल असे विभागीय होते, हेही खरं.

अजून एक उदाहरण देतो, भाच्याला नक्की सांगा. इंग्लंडचे दोघे, सुपर हेवीवेटचं ऑलिम्पिक गोल्ड, ऑडली हॅरिसन २००० चा आणि अँथनी जोशुआ २०१२ चा. मेडल तेच, वजन तेच, देश तोच. हॅरिसनला सुरुवातीलाच बीबीसीचे दहा लाख पौंड मिळाले, स्वतःच स्वतःचा प्रमोटर झाला, सोपे विरोधक घेत गेला, आणि २०१० ला वर्ल्ड टायटलला डेव्हिड हे याच्यासमोर उभा राहिला तेव्हा तीन राऊंडमध्ये आटपलं, त्यात त्याचा जेमतेम एक पंच लागला. जोशुआला दर फाइटला थोडा थोडा अवघड माणूस देत नेलं आणि तो अडीच वर्षांत चॅम्पियन. त्या अडीच वर्षांत समोर कोण उभा करायचा हे कोण ठरवत होतं, तिथे सगळा फरक आहे.

निशा_न्यूजर्सी

इथल्या जिममध्ये मी अमॅच्युअर मुलींना ट्रेन करते. वरच्या सगळ्यांशी सहमत, फक्त एक बाजू राहिली. मुलींमध्ये हा पूल खूप सोपा जातो. केटी टेलर नोव्हेंबर २०१६ ला प्रो झाली, ऑक्टोबर २०१७ ला वर्ल्ड चॅम्पियन. क्लॅरेसा शिल्ड्स पण तशीच झरझर वर गेली. कारण मुलींचे प्रो राऊंड दोन मिनिटांचे, टायटल दहा राऊंडचं, म्हणजे २० मिनिटं, त्यामुळे वेगवान अमॅच्युअर स्टाइल शेवटपर्यंत टिकते. मुलांना केटीचं उदाहरण देताना हे लक्षात ठेवा.

आणि हरण्याचंही बघा. माइक टायसन १९८४ च्या ऑलिम्पिक निवडीत हेन्री टिलमनकडून हरला, टिलमन गोल्ड घेऊन आला. १९९० ला प्रोमध्ये परत भेटले, टायसनने पहिल्याच राऊंडमध्ये झोपवला. मेवेदर १९९६ ला अटलांटाच्या सेमीफायनलला टोडोरोवकडून एका पॉइंटने हरला, त्यानंतर प्रोमध्ये ५० च्या ५० जिंकला. म्हणून भाचा नॅशनलच्या क्वार्टरला कसा हरला हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शेवटच्या राऊंडला तो मागे होता आणि पुढे येत होता, का पुढे होता आणि पळत होता?

दादा, कॉन्ट्रॅक्ट मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू देऊ नका. मॅनेजर आणि प्रमोटर एकच माणूस किंवा एकाच घरातले असतील तर तिथेच थांबा. मॅनेजरचं काम तुमच्या पोरासाठी जास्त पैसे मागायचं, प्रमोटरचं काम कमी द्यायचं, एकाच माणसाने दोन्ही कसं करायचं? इकडे २००० साली मुहम्मद अलीच्या नावाचा कायदा याचसाठी आला. फाइटची कमीत कमी संख्या लिहून घ्या, दुखापतीचा खर्च कोण देणार ते लिहून घ्या. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला तीन वर्षं बांधून ठेवलं आणि दोनच फाइट दिल्या, दुसरीकडे खेळताही येईना. रडून रडून खेळ सोडला तिने.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं मी काल रात्री भाच्याला बसवून मोठ्याने वाचून दाखवलं, ताई आणि दाजी पण बसले होते. सालिडोची फाइट त्याने खरंच बघितली नव्हती. बघितली, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

अप्पा, तुमचं खाशाबांचं वाचल्यावर ताई म्हणाली, गहाण टाकायला आपल्याकडे आहेच काय.

निशाताई, तुमचा प्रश्न त्याला विचारला. म्हणाला मामा मी पुढे होतो आणि शेवटच्या मिनिटात पाय चालेनात. कॉन्ट्रॅक्टमध्ये फाइटची संख्या लिहिलेलीच नाहीये, आणि मॅनेजर म्हणून प्रमोटरच्याच भावाचं नाव आहे. सही केलेली नाही अजून.

साउथपॉभाऊ, त्याला निदान प्रोवाल्याबरोबर सहा राऊंड करून बघायचेत, पुण्याला आणू का?

साउथपॉ_पुणे

आण की. रविवारी सकाळी सातला, मी आमच्या कोचना बोलून ठेवतो. डॉक्टरांचं फिट असल्याचं पत्र आण, हेडगार्ड आणि १६ औंसचे ग्लोव्हज इथे आहेत, माउथगार्ड मात्र स्वतःचा हवा. आदल्या दिवशी वजन उतरवायचं नाही, पोटभर जेवू दे. समोर माझ्याच वजनाचा एक प्रो आहे, सांभाळून खेळवेल.

तू रिंगच्या कडेला उभा राहून एवढंच बघ, चौथ्या राऊंडला तोंड उघडतं का आणि पोटात बसल्यावर तो मागे जातो का आत येतो. पाचव्यात दमून सुद्धा जॅब टाकत असेल तर नोकरीचा फॉर्म भरून ठेवा, नोकरी लागू दे, आणि दोन वर्षं इथे येऊन राऊंड वाढवत जाऊ. निशांत देव पॅरिस ऑलिम्पिक करून २४ व्या वर्षी प्रो झाला, जानेवारी २०२५ ला लास वेगासला पहिल्याच राऊंडमध्ये जिंकला. तुझा भाचा २० चा आहे. त्या प्रमोटरला सांग विचार करून कळवतो.

कृष्णाकाठचा

शनिवारी रात्रीच्या एसटीने निघतोय. ताई पण येणार म्हणतेय.