भूतानी निर्वासितांची ‘झमझम’: नसांची की मनाची?

कोलंबसकर:
ओहायोत भूतानी-नेपाळी निर्वासितांसाठी दुभाषाचं काम करणाऱ्यांना हे रोज ऐकू येतं: हातपाय ‘झमझम’ होतात (म्हणजे आपल्या मुंग्या), झोप नाही, अंगात त्राण नाही. हिमोग्लोबिन ठीक आलं की डॉक्टर कागदावर ‘ताण’ लिहून मोकळे. खरंच मनाचं असतं का हे?

निदानपंत:
आधी रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व बघा, मग ताण लिहा. नेपाळमधल्या झापा-मोरंगच्या छावण्यांत ही माणसं १५-२० वर्षं शिध्यावर जगली. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, साखर, अंडी-मांस नावालाच. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०११ च्या अहवालात अमेरिकेला निघण्याआधीच्या ९९ रक्तनमुन्यांपैकी ६३ मध्ये बी-१२ कमी होतं.

हिमोग्लोबिनवर विसंबू नका. फोलिक अ‍ॅसिड पोटात जात असेल तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसा झिजतच राहतात. रक्तातलं बी-१२ मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० आलं तर मिथाइलमॅलॉनिक अ‍ॅसिडची तपासणी मागा; बी-१२ खरंच कमी पडतंय का ते त्यातून कळतं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू असेल तर संशय आणखी पक्का. आहारातली कमतरता रोजच्या १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीनेही भरते. नसांना त्रास झालेला असेल तर डॉक्टर बहुधा इंजेक्शनने सुरुवात करतात. मुंग्या जायला महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून लोक गोळी सोडतात, तिथेच घोळ होतो.

शब्दवेध:
पटलं, पण गोळीवर थांबू नका. बी-१२ कमी निघालं म्हणून मन ठीक आहे असं होत नाही. याच समाजात फेब्रुवारी २००९ ते फेब्रुवारी २०१२ या काळात अमेरिकेत १६ आत्महत्या नोंदल्या गेल्या.

दुभाषाने शब्द जपून वापरावा. ‘दिमाग’ म्हणालात की आपल्याला वेड्यात काढलं असं वाटून माणूस गप्प होतो. ‘मन’ म्हणा; मन कुणाचंही दुखतं. निर्वासितांचा मानसिक त्रास चाचपणारा आरएचएस-१५ हा फॉर्म नेपाळीत मिळतो. पहिल्या १४ प्रश्नांत १२ गुण, किंवा शेवटी त्रास ० ते १० मध्ये दाखवायच्या ‘थर्मामीटर’च्या चित्रावर ५, की मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाकडे पाठवा. सुरुवात अंगदुखीच्या प्रश्नाने होते, हे छान; तिथे कुणी लाजत नाही. मात्र त्यात आत्महत्येचा प्रश्नच नाही. तो तोंडी, सरळ विचारा, आणि मुलाला किंवा सुनेला दुभाषी करून तर मुळीच नको.

कोलंबसकर:
पण बी-१२ मुळेही ते गुण चढतील ना?

निदानपंत:
चढतील. म्हणून उपचार सुरू केल्यावर तीनेक महिन्यांनी तोच फॉर्म पुन्हा भरून घ्या. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर मात्र रक्ताच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, दवाखाना बंद असेल तर ९८८ ही अमेरिकेतली आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइन लावा.