अठराविश्वे दारिद्र्यातली ‘विश्वे’ कोणती?

‘घरात अठराविश्वे दारिद्र्य’ असं सर्रास लिहिलं जातं. ही विश्वे कोणती? चौदा भुवनं माहीत आहेत, पण ही अठरा कुठून आली? आणि शब्द जोडून लिहायचा की तोडून?

---

भुवनांशी संबंध नाही, हा अपूर्णांक आहे. विसवा म्हणजे विसावा हिस्सा. सोळा आणे म्हणजे सगळं, तसे वीस विसवे म्हणजे सगळं. त्यातले अठरा दारिद्र्याचे, उरलेल्या दोनांत संसार. टक्क्यांत ९०. रुपयात मांडायचं तर १४ आणे ५ पैंना किंचित कमी (१२ पै म्हणजे १ आणा).

मूळ संस्कृत शब्द विंशोपक. दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होतो (दीपक–दिवा), त्याच वाटेने विंशोपकाचा विसवा झाला. फलज्योतिषातलं विंशोपक बल, म्हणजे ग्रहाची ताकद, आजही २० पैकीच मोजतात. विसवा बोलण्यातून गेला, मग ‘विसवे’ अशुद्ध वाटून कुणीतरी त्याचं ‘विश्वे’ केलं असावं. व्याकरणाने या चुकीला साथच दिली, कारण नपुंसकलिंगी ‘विश्व’चं अनेकवचनही विश्वेच.

---

दुसरी उपपत्ती अशी सांगतात : अठरा विसा म्हणजे ३६०, म्हणजे वर्षाचे ३६० दिवस दारिद्र्य. गणित तर चोख बसतं!

---

बसतं म्हणूनच जपून. विसांनी मोजताना मराठी माणूस ‘विसा’ म्हणतो : तीन विसा साठ, पाच विसा शंभर. त्यात ‘व’ येणार कुठून? विसव्यातला ‘व’ विंशोपकातल्या ‘प’चा आहे, हे वर आलंच आहे. शिवाय तिथींनी चालणारं चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. ही उपपत्ती आकडा आधी आणि अर्थ मागाहून, अशी जुळवलेली दिसते.

---

पण एक अडचण राहते. उत्तरेत २० बिस्वे म्हणजे १ बिघा. आपल्याकडच्या शिवकालीन जमीनमोजणीत मात्र ५ हात ५ मुठींची काठी, २० काठ्यांचा पांड आणि २० पांडांचा बिघा. बिघ्याच्या विसाव्या हिश्शाला इथे पांड हा शब्द होता. मग ‘अठरा पांड दारिद्र्य’ का झालं नाही?

---

रास्त मुद्दा. म्हणूनच वाक्प्रचार शेतातून आला असं म्हणू नये. विसवा हा आधी नुसता हिस्सा, मग जमिनीचं माप. आण्याचंही असंच : नाण्यातून निघून तो पिकाच्या आणेवारीत शिरला. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले, सरकारी कागदावर पुढे पैसेवारी आली, तरी बोलताना आणेवारीच म्हणतात आणि ‘सोळा आणे खरं’ कुणी बदललं नाही.

लिहिण्याचं म्हणाल तर जोडूनच लिहावं. तोडलं की वाचणाऱ्याला पुन्हा ब्रह्मांडं दिसू लागतात. शब्द दारिद्र्यालाच चिकटलेला आहे. ‘अठराविश्वे गरिबी’ बेसूर वाटतं आणि ‘अठराविश्वे श्रीमंती’ तर चूकच. माणसाबद्दल बोलताना ‘अठराविश्वे दरिद्री’. आणि ‘दारिद्रय’ टंकू नका. द्र नंतर हलन्त देऊन मग य, तेव्हा कुठे ‘द्र्य’ उमटतं.

---

मापांच्या गोंधळावरून आठवलं : ‘घटकेत तोळा, घटकेत मासा’ यातला मासा पाण्यातला नव्हे. तो ‘मत्स्य’वरून आला, हा ‘माष’ म्हणजे उडीद यावरून. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. तोळा ११.६६ ग्रॅम, म्हणून मासा ०.९७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे स्वभाव असा, की एका घटकेत बारा पटींनी भाव उतरावा. सराफ आता १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात, त्याने या म्हणीचं काही बिघडत नाही, १२ चं प्रमाण तेवढं शाबूत हवं.

‘तोळामासा प्रकृती’ मात्र वेगळी. तिथे चढउतार नाही, नाजूकपणा आहे : जराशा वाऱ्याने पडसं होणारी.