अनुभव धागा: 'माआलाआला मो काया' तुम्ही कुठे आणि कुणाबरोबर पाहिलीत?

धागाकर्ती, क्वेझॉन सिटी

फिलिपिनो माणसांबरोबर बोटीवर, दवाखान्यात किंवा ऑफिसात काम केलेल्या मराठी माणसाने 'एमएमके' हे नाव एकदा तरी ऐकलेलं असतं. ही फिलिपिन्समधली टीव्ही मालिका. पूर्ण नाव 'माआलाआला मो काया', म्हणजे 'तुला आठवेल का'. एबीएस-सीबीएन वाहिनीवर 15 मे 1991 ला सुरू झाली आणि डिसेंबर 2022 पर्यंत चालली. 2025 मध्ये नवे भाग घेऊन परतही आली. दर आठवड्याला वेगळी गोष्ट, वेगळे नट, आणि गोष्ट घेतलेली प्रेक्षकांनी पाठवलेल्या पत्रातून. सूत्रसंचालिका चारो सांतोस-कॉन्सिओ पत्र वाचायला घेतात आणि आपण कुणाच्या तरी घरात शिरतो. भागाचं नाव बहुतेक वेळा त्या गोष्टीतल्या एखाद्या वस्तूचं असतं. अगदी पहिल्या भागाचं नाव होतं 'रबर शूज'.

गोष्टी बऱ्याचदा प्रेमाच्या असतात, पण मला त्यात मनिला दिसते. इथे नोकरीसाठी आलेली पोरं खोली भाड्याने घेत नाहीत, खोलीतली एक खाट घेतात. अशा दोघांचं जमलं तर त्यांनी भेटायचं कुठे? मग ते जीपनीत, म्हणजे इथल्या छोट्या प्रवासी गाडीत, शेजारी शेजारी बसतात. मागच्या माणसाचे पैसे हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात, उरलेले सुट्टे तसेच परत येतात, आणि त्या देवाणघेवाणीत तिचा हात त्याच्या हाताला लागतो. एवढ्यावर ही मालिका एक प्रेमकथा उभी करते, आणि मला ती पटते, कारण मी रोज त्याच जीपनीने जाते.

तुम्ही कुठे पाहिलीत? बरोबर कोण होतं? भागाचं नाव आठवत नसेल तरी लिहा.

बोटीवरून, मूळ रत्नागिरी

मी मरीन इंजिनीयर. आमच्या बोटीवर ऑफिसर बहुतेक भारतीय आणि क्रू सगळा फिलिपिनो. मेसरूमच्या टीव्हीला कुणाची तरी हार्ड डिस्क कायम लावलेली आणि तिच्यात एमएमकेचे ढीगभर भाग. फिलिपिनो खलाशाच्या करारातच असतं की मूळ पगाराचा किमान 80 टक्के भाग थेट घरी जाणार. त्यामुळे पैसे पोचले का, कुणी काढले, कशाला खर्च झाले, हा जेवणाच्या टेबलावरचा कायमचा विषय. नवरा समुद्रावर आणि पैशावरून बायकोचं सासरच्यांशी बिनसलेलं, अशी गोष्ट लागली की मेसरूममध्ये दोन तट पडायचे. पोरगेलासा ऑइलर बायकोच्या बाजूने, चीफ कुक आईच्या बाजूने. माझ्यासाठी ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावून सांगायचे आणि सांगता सांगता परत भांडायचे.

आमचे बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, इलोइलोचे. ते वादात पडत नसत. एकदा भाग संपल्यावर त्यांनी मला मोबाइलमध्ये घराचा फोटो दाखवला. खालचा मजला रंगवलेला, स्लॅबमधून वर आलेल्या सळ्या गंजलेल्या. प्रत्येक काँट्रॅक्टला एक खोली, असा त्यांचा हिशोब. वरचा मजला मुलीच्या लग्नाआधी व्हायला हवा होता. लग्न झालं, सळ्या तशाच राहिल्या. आमच्या वाडीतही मुंबईच्या पैशांवर बांधलेली अशी अर्धी घरं आहेत, त्यामुळे मला पुढचं विचारावं लागलं नाही.

मकाटी, सध्या पुणे

नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही मकाटीत होतो. घरकामाला येणाऱ्या बाई लेइते बेटावरच्या. सगळे त्यांना 'आते' म्हणायचे, म्हणजे ताई. शनिवारी एमएमके असली की त्या आमच्याकडेच थांबायच्या. मला वाटायचं, प्रेमकथा आहे तर त्यांचं लक्ष नायक-नायिकेकडे असेल. पण नायकाचं आधी लग्न झालेलं असेल तर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "आणि पहिल्या बायकोचं काय?"

कारण फिलिपिन्समध्ये मुस्लिमांचा वेगळा कायदा सोडला तर घटस्फोटच नाही. नवरा-बायको वेगळे राहू शकतात, पण लग्न कायम. ते मुळातच कायदेशीर नव्हतं असं कोर्टात सिद्ध करायचं तर वकील हवा, पैसा हवा आणि वर्षानुवर्षं थांबायची तयारी हवी. आतेच्या धाकट्या बहिणीला नवरा सोडून गेलेला. ती दुसऱ्या एका भल्या माणसाबरोबर संसार करते, मुलं मोठी झाली, पण सरकारी कागदावर आडनाव अजून पळून गेलेल्याचंच. शाळेचा फॉर्म भरताना दर वर्षी तोच घोळ. हे कळल्यावर त्या मालिकेतलं 'आपण एकत्र राहू' हे वाक्य मला वेगळं ऐकू यायला लागलं. आपल्याकडे पडद्यावर ते वाक्य आलं की पुढे मंडप असतो. तिथे कित्येकांच्या वाट्याला मंडप कधीच येणार नसतो, आणि हे दोघांनाही माहीत असून ते वाक्य बोललं जातं.

धागाकर्ती

ताई, हे इतकं नेमकं लिहिलंत! माझ्या शेजारच्या दोन घरांत हीच परिस्थिती आहे.

आखातातून

मी नर्स, मूळ सांगलीची. आमच्या फ्लॅटमध्ये मी एकटी मराठी, बाकी केरळच्या आणि फिलिपिनो मुली. टीएफसी म्हणजे परदेशातल्या फिलिपिनोंची वाहिनी, 1994 पासूनची. ती आमच्याकडे दिवसभर चालू असायची. एमएमके लागली की जमिनीवर बालिकबायान बॉक्स उघडायचा. घरी पाठवायचा हा भलामोठा खोका महिनोन्महिने भरत राहतात: साबण, टॉवेल, कॉर्न्ड बीफचे डबे, चॉकलेट. डोळे टीव्हीकडे आणि हात खोक्यात.

माझ्या खोलीतल्या मैत्रिणीकडे एक कागद होता. गावी आजीने नातीचं पाऊल कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली होती आणि तो कागद येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवला होता. मैत्रीण तो कागद पर्समध्ये ठेवून बुटांच्या दुकानात जायची, बुटाच्या तळव्यावर ठेवून बघायची आणि एक नंबर मोठा घ्यायची. खोका बोटीने जाणार, पोचेपर्यंत पाय वाढलेला असणार. मालिकेत विमानतळाचा प्रसंग आला की ती उठून भात लावायला जायची. कुणी तिला थांबवत नसे.

नाशिकहून

थोडं वेगळं मत मांडतो. मी मनिलात नोकरी केली, ही मालिका बरीच पाहिली, आणि तिच्यातली एक गोष्ट मला शेवटपर्यंत खुपत राहिली. बाप घर सोडून जातो, म्हातारपणी आजारी होऊन परत येतो, मुलगी त्याचं सगळं करते. नवरा दुसरीकडे राहून येतो, बायको दार उघडते. माफ करायचं काम प्रत्येक वेळी बाईच्याच वाट्याला. मग शेवटी चारो शांत आवाजात क्षमेबद्दल बोलतात आणि सगळं मिटल्यासारखं होतं. अभिनय उत्तम असतो, म्हणून तर जास्त राग येतो.

धागाकर्ती

दादा, तुमचा मुद्दा खरा आहे, मलाही तो जाणवतो. पण पत्र लिहिणारी बाई स्वतः सांगत असते की मी दार उघडलं. तिने तसं केलं हे बदलून दाखवावं असं मला वाटत नाही. शेवटच्या निरूपणाबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. पत्र संपलं की थांबावं.

चारोंबद्दल थोडं सांगते. त्या मूळच्या अभिनेत्री, 1976 पासून चित्रपटात. पुढे एबीएस-सीबीएनच्या प्रमुख झाल्या आणि त्या काळातही हा कार्यक्रम त्यांनी सोडला नाही. 2016 मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळालेल्या फिलिपिनो चित्रपटात मुख्य भूमिका त्यांचीच होती.

दावाव, वैद्यकीय विद्यार्थिनी

इथे शिकणारी भारतीय मुलं खूप आहेत, मराठीही बरीच. आमच्या घरमालकीणबाई घरात बिसाया बोलतात, मालिका तागालोगमध्ये, आणि मला दोन्ही धड येत नाही. त्या शेवग्याचा पाला निवडत बसतात, चिकनच्या रश्श्यात घालायला. मी पाला निवडायला बसले तेव्हा त्यांना भारी आश्चर्य वाटलं की तुमच्याकडेही हे झाड आहे! तेव्हापासून जुने भाग लावले की मला हाक मारतात आणि मधे मधे अर्थ सांगतात. वॉर्डात पेशंटशी बोलताना 'पो' लावून आदराने कसं बोलायचं, ते मी वर्गात कमी आणि या मालिकेतल्या सुनांकडून जास्त शिकले.

मनिलाहून

5 मे 2020 ची संध्याकाळ कुणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. लॉकडाऊन होता, सगळे घरात. एबीएस-सीबीएनच्या परवान्याची मुदत आदल्या दिवशी संपली होती आणि संध्याकाळी 7:52 ला वाहिनी बंद झाली. जुलैमध्ये संसदेच्या समितीने नवा परवाना नाकारला. एमएमके जूनमध्ये केबलवर परत आली, शहरात आम्हाला ती दिसली. पण माझ्या सहकाऱ्याचे आईवडील डोंगराळ भागात राहतात, तिथे अँटेनाला तीच एक वाहिनी नीट लागायची. केबल नाही, इंटरनेट नाही. वडील फोनवर गोष्ट विचारायचे आणि हा शनिवारी भाग बघून रविवारी त्यांना सगळी सांगायचा, संवादांसकट. मी त्याच्याच शेजारी राहायचो, भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

सोलापूरहून

मी यातलं काहीच पाहिलेलं नाही, पण आता पाहायचं आहे. भाषा येत नाही, सुरुवात कुठून करू?

धागाकर्ती

यूट्यूबवर एबीएस-सीबीएनने स्वतःच बरेच पूर्ण भाग टाकले आहेत, त्यातल्या काहींना इंग्रजी सबटायटल आहेत. भागाच्या नावातच तसं लिहिलेलं असतं. शीर्षकगीताचे दोन आवाज ऐका, आधीचा दुल्सेचा आणि नंतरचा कॅरोल बानावाचा. बघून झालं की इथे येऊन लिहा. बाकीच्यांनीही लिहा, विशेषतः क्रूझवर काम केलेल्या गोव्याच्या मंडळींनी. तुमच्याकडून अजून एकही अनुभव आलेला नाही.