उद्योगांतील टॅबलेटचा हिशेब वेगळा

गूगलने सुटे भाग जोडून तयार होणाऱ्या फोनचा ‘प्रोजेक्ट आरा’ हा प्रकल्प २०१६ मध्ये गुंडाळला, म्हणून सुटे भाग बदलता येणाऱ्या उपकरणांची कल्पनाच फोल ठरली, असा मुद्दा मांडला जातो, तो मला पटत नाही. आरा हा सामान्य ग्राहकांसाठीचा फोन होता, तर मोठ्या गोदामात किंवा कारखान्यात एकाच प्रकारचे अनेक टॅबलेट दोन-तीन पाळ्यांत सतत वापरात असतात. तिथे बहुधा सर्वांत आधी थकते ती बॅटरी, आणि ती आत चिकटवलेली असेल तर एरवी ठणठणीत असलेले यंत्रही दुरुस्तीला पाठवावे लागते. पॅनासोनिकच्या टफबुक जी२ या टॅबलेटमध्ये बॅटरी आणि एसएसडी (माहिती साठवणारा भाग) वापरणाऱ्यालाच काढता येतात, शिवाय बारकोड रीडर किंवा स्मार्टकार्ड रीडर गरजेप्रमाणे बसवून घेता येतो. प्रोसेसर आणि रॅम मात्र बहुतेक टॅबलेटांत बोर्डावरच पक्के बसवलेले असतात, त्यामुळे जुन्या यंत्राचा वेग वाढवता येईल ही अपेक्षा (विक्रेते काहीही सांगोत) ठेवू नये. म्हणून निविदेत किमतीच्या आधी दोन अटी लिहाव्यात: सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि सुरक्षा अपडेट कधीपर्यंत येतील. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून टॅबलेट उत्पादकांवर या दोन्ही बाबी नियमानेच बंधनकारक केल्या आहेत.