जुन्या स्पेक्ट्रम कॉम्प्युटरची खरी मजा एमुलेटरवर (त्याची नक्कल करणाऱ्या ॲपवर) येते का? मला नाही वाटत

नौपाडाकर: रविवारी माळा काढला तर झेडएक्स स्पेक्ट्रम निघाला, १९८२चा सिंक्लेअर कंपनीचा घरगुती कॉम्प्युटर, रबरी बटणांवाला, मामाने लंडनहून आणलेला. टीव्हीला लावला, 'J' बटण दाबल्यावर अख्खा 'LOAD' शब्द उमटला, प्रोग्रामची कॅसेट टेप सुरू केली, तोच किंचाळणारा आवाज, कडेला लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे, आणि तीनेक मिनिटांनी 'आर टेप लोडिंग एरर'. तरी अंगावर काटा आला! मेमरी ४८ केबी, त्यातले ६९१२ बाइट नुसता स्क्रीन खायचा, उरलेल्यात बसवायचं म्हणून आम्ही एकेक बाइट मोजायला शिकलो. आजच्या पोरांना १६ जीबी देऊनही हे येत नाही.

नेरूळची_माई: काका, ही आठवण लंडनला मामा असलेल्यांची हो. आमच्या शाळेत क्लास प्रोजेक्टचे (शाळांना कॉम्प्युटर देणारी सरकारी योजना) बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले, १९८४ नंतर कधीतरी. चपला बाहेर, एका मशीनभोवती आठ जणी, आणि कीबोर्डला हात लावायचा तो सरांनीच. वर्षभरात माझ्या वाट्याला स्वतःचं नाव प्रिंट करणं एवढंच, मग परत प्लास्टिकचं कव्हर. माझी पोरगी रात्री दोनला पायथॉन शिकली, फुकट, कोणाला न विचारता. बाइट नाही मोजत ती, बरं मग?

घंटाळीचा_सोल्डर: भांडा निवांत, पण काका आधी टेपरेकॉर्डरचं हेड बघा. हेडशेजारचा बारीक स्क्रू आहे ना, टेप चालू ठेवून पेचकसाने किंचित किंचित फिरवा, आवाज सगळ्यात खणखणीत येईल तिथे थांबा. निम्म्या एरर तिथल्याच असतात. आणि मशीन उघडलंत तर जपून, कीबोर्डची मेंब्रेन (बटणांखालची पातळ फिल्म) एव्हाना ठिसूळ झालेली असते, रिबन ओढली की तुटलीच. बाकी मी फोनवर एमुलेटरच वापरतो, लोकलमध्ये टेप कुठे लावणार.

नौपाडाकर: @माई कव्हरचं लागलं मनाला, खरंच, आमच्याकडे पण धाकट्या बहिणीला मी हात लावू द्यायचो नाही. पण एमुलेटरवर मात्र हटणार नाही, मासिकातली चार पानं लिस्टिंग, म्हणजे छापलेला प्रोग्राम, टाइप करायची, एक आकडा चुकायचा, मशीन रिसेट, सेव्ह केलेलं नाही, परत पहिल्यापासून, ते सगळं फोनवर कसं कळणार?

नेरूळची_माई: त्यालाच तुम्ही मजा म्हणताय 😄 स्क्रू फिरवून लोड झालं तर कळवा, शनिवारी येते नौपाड्यात. चपला काढेन, कीबोर्ड मात्र माझ्याकडे.