दोरा, लोकर, सूत, रंग: हातकामाचे तुमचे अनुभव (अनुभव धागा)

कृष्णाकाठ
नवरात्र तोंडावर आलंय. काल पलूसहून येताना कॅनॉलच्या कडेला बायका धुण्याला आलेल्या. ट्रॉलीत वाकळांचा, म्हणजे गोधड्यांचा, ढीग, आणि कठड्यावर, झुडपांवर, जागा मिळेल तिथं वाळत घातलेल्या वाकळा. गाडी बाजूला लावून बघत उभी राहिले. एकीचा वरचा पदर हिरव्या इरकलीचा होता, आणि थेट आज्जी आठवली.

उन्हाळ्यात ती सोप्यात जुनी लुगडी-धोतरं एकावर एक अंथरायची. चार कोपऱ्यांवर वरवंटा, मापटं, जे जड सापडेल ते. मग कडेनं धावदोरा सुरू. काठाकाठानं आत आत जात शेवटचा चौकोन मधोमध येईपर्यंत. शेजारच्या दोघी-तिघी आपापली बाजू धरून बसायच्या, गावभरच्या बातम्या तिथंच कळायच्या. सगळे म्हणतात कापड वाया जाऊ नये म्हणून शिवायच्या. ते आहेच. पण आज्जीला ते काम मनापासून आवडायचं हे मी डोळ्यानं पाहिलंय. कुठला तुकडा कुठं लावायचा यावर तिची दुपार जायची. "हिरव्याला हिरवं लावलं की वाकळ मुकी दिसती" म्हणायची.

आता मीही शिवते. तुमच्याकडं काय होतं, काय आहे? वाकळ, घोंगडं, चरखा, क्रोशा, रंगवणं, काहीही लिहा. त्यात तुम्हाला काय आवडतं तेही लिहा.

माणगंगा
घोंगडं!! म्हसवडकडं आमच्या मामांचा माग होता, आम्ही सनगर, घोंगडी विणणारे. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, धोटा इकडून तिकडं. मला विणण्यापेक्षा त्याच्या आधीचं आवडायचं. लोकर पिंजली की हलकी होऊन उडायची, मामीच्या केसात, भाकरीत, सगळीकडं. मामी चरख्यावर सूत काढायची. मग ताणा, म्हंजे उभं सूत, उन्हात लांब ताणायचा आणि चिंचोक्याची खळ कुंच्यानं चोपडायची. चिंचोके भिजवून वाटून शिजवायचे, त्याचा एक वास असतो. नवीन घोंगड्याला तोच वास. खळ असती म्हणून सुरवातीला कडक लागतं, वापरून वापरून मऊ पडतं. रंग घालायची भानगडच न्हाय, काळी मेंढी काळं घोंगडं, पांढऱ्या लोकरीच्या पट्ट्या काठाला.
गिऱ्हाईक आलंय, नंतर लिहितो

सई_कराड
@कृष्णाकाठ ताई "वाकळ मुकी दिसती" हे लिहून ठेवते मी ❤️

विटेकरीण
आमच्या विट्यात हातमाग नव्हे, पॉवरलूम. गल्लीत रात्रंदिवस खडखड. वीज गेली की लहान पोरं दचकून उठायची, आवाज थांबला म्हणून. आई घरी कांड्या भरायची, धोट्यात बसतात त्या सुताच्या नळ्या. मी शाळेतून आले की तिच्या शेजारी बसून रंगीत कांड्या वेगळ्या लावायची, ते काम मला कुणी सांगितलेलं नव्हतं. फणीतून एकेक तार ओवणाऱ्या काकांच्या हाताकडं तर मी तासभर बघायची. लोक म्हणतात मशीनच्या कामात हात कुठं असतो. असतो हो. तार तुटली की धावत जाऊन गाठ मारणारा हातच असतो. ती गाठ इतकी बारीक की कापडात शोधून सापडत नाही. मला आजही दोन धागे दिले तर न बघता मारता येते.

रानवारा
गावाकडच्या सोप्याचा विषय निघाला. आमचा सोपा मागल्या वर्षी उतरवला, स्लॅब टाकला. तुळया विकल्या.

कृष्णाकाठ
@रानवारा दादा, आमचापण उतरवला. आता गच्चीवर अंथरून शिवते, वाऱ्यानं तुकडे उडतात.

दादासाहेब_कुंडल
माझ्या आईवडिलांचं लग्न नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात गांधी पद्धतीनं झालं. वाजंत्री नाही, हुंडा नाही, जेवणावळ नाही. गळ्यात सुताचे हार, आणि ते सूत दोघांनी स्वतः कातलेलं. वडील पेळू, म्हणजे कातायला पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, फार सुंदर करत. माझ्या शाळेत सूतकताईचा तास होता. टकळी मांडीवर फिरवून सोडायची आणि हात वर न्यायचा, तार लांब होत जाते. एकदा हाताला ते वळण लागलं की डोकं शांत होतं. मी अजूनही सकाळी चहाच्या आधी पेटीचरखा काढतो. त्या वेळात माझ्याशी कुणी बोलत नाही, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सुनेला शिकवलं, तिची तार माझ्यापेक्षा एकसारखी येते आणि मला त्याचा फार आनंद आहे.

सातारी_कंदी
काका, तेव्हा कुंडल सातारा जिल्ह्यातच होतं ना?

दादासाहेब_कुंडल
हो. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळं सातारा-सांगली भांडणात मी पडत नाही, मी दोन्हीकडचा.

सातारी_कंदी
🙏 पेढे मात्र साताऱ्याचेच

हरभट_रोड
भडंग घ्या मग आमच्याकडचं

मंजिष्ठा
मी साताऱ्यात राहते, कापड रंगवते. विकत नाही, घरच्यांना आणि मैत्रिणींना. जरा लांब लिहितेय, सांभाळून घ्या, हा विषय निघाला की मला थांबवत नाही.

सुती कापडावर रंग नुसता बसत नाही. आधी कापड सोड्यात चांगलं उकळून त्यातली खळ, तेलकटपणा काढायचा. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं. हिरडा आपल्याच डोंगरातला, पाटण-महाबळेश्वरकडचा. कापड फिकट पिवळट होतं. त्यावर तुरटी. मग रंग. आटपाडीची डाळिंबं खाल्ली की सालं मी टाकत नाही, वाळवून डब्यात. ती उकळून तुरटीच्या कापडावर घातली की पिवळा येतो, आणि तेच कापड लोखंडाच्या पाण्यात बुडवलं की बघता बघता गर्द, हिरवट करडं होतं. लोखंडाचं पाणी म्हणजे गंजके खिळे आणि गूळ पाण्यात बरेच दिवस मुरवून ठेवायचे. हिरडा आणि हे पाणी मिळून काळा होतो. लोणंदच्या बाजारातून कांद्याची टरफलं पोतं भरून आणते, व्यापारी फुकट देतात, वर विचारतात काय करता याचं.

निळीची तर गोष्टच वेगळी. नीळ पाण्यात विरघळतच नाही. आंबवून तिच्यातला प्राणवायू काढून घ्यावा लागतो, तेव्हा पिंपातलं पाणी निळं नसतंच, हिरवट-पिवळं असतं आणि वर तांबूस-जांभळा फेस. कापड बुडवून वर काढलं की हिरवं दिसतं, आणि हवेत धरल्या धरल्या डोळ्यासमोर निळं होत जातं. मी कितीही वेळा केलं तरी त्या क्षणी तोंडातून "अगंबाई" निघतंच. यासाठी मी जगते म्हटलं तरी चालेल.

सई_कराड
हळद चालते का? आमच्याकडं सांगलीची भरपूर येते, मावशी तिकडची

मंजिष्ठा
रंग झकास येतो पण टिकत नाही गं. उन्हात उडतो, आणि साबण लागला की लाल होतो. लहान मुलांना गंमत दाखवायला छान: हळदीच्या फडक्यावर साबणाच्या पाण्यानं चित्र काढायला द्या.

हरभट_रोड
सांगलीच्या हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन (GI) मिळालंय, नाव काढायचं काम नाही 😄 रंग उडाला तर उडाला, भाजीत घाला

रात्रपाळी
मिरजेत नर्स आहे. क्रोशा. नवजात बाळांच्या वॉर्डात काही बाळं फार कमी वजनाची असतात, त्यांचं डोकं झाकलेलं, उबदार राहणं फार गरजेचं. मी सुटीत मऊ सुती दोऱ्याची टोपडी विणते. पहिल्यांदा एका आईनं बाळाला घातलेलं टोपडं घरी जाताना हातात धरून "हे आमच्याकडं राहू दे?" विचारलं. राहू दे म्हणजे काय, तुमचंच आहे. आता आमच्यातल्या तिघी-चौघी विणतात. डब्याच्या वेळेला गप्पा "तुझा खांब किती, माझा किती" (खांब म्हणजे क्रोशाचा उभा टाका). चला, ड्यूटी.

कृष्णाकाठ
@रात्रपाळी डोळ्यात पाणी आणलंत. मला दोरा कुठला ते सांगा, मीही विणून पाठवते.

बनशंकरी
मूळ धाग्यातल्या इरकलीबद्दल. माझं माहेर जतकडचं, सीमेला लागून, त्यामुळं आमच्याकडं इरकल बागलकोटातल्या इळकलहून थेट यायची. बहुतेकांचं लक्ष रंगाकडं जातं, मला तिचा जोड आवडतो. अंगाचा ताणा सुती आणि पदराचा रेशमी, दोन्ही वेगळे. ते टोकाशी फासे एकमेकांत अडकवून जोडतात आणि मग पुढं विणतात. साडी उन्हात धरून पदर जिथं सुरू होतो तिथं बघा, ती ओळ दिसते. आईच्या जुन्या इरकलीची मी वाकळ शिवली तेव्हा तो जोड कापला नाही, बरोबर मध्यावर घेतला. माझी लेक त्यावर बोट फिरवत झोपते.

कृष्णाकाठ
वा! आत्ता माझ्याकडची काढून बघितली. दिसली ओळ!! एवढी वर्षं नेसूनही माहीत नव्हतं.

पूररेषा
सांगलीवाडी. २०१९ च्या पुरात घर पाण्यात होतं. लाकडी कपाट फुगून फुटलं, गाद्या टाकून द्याव्या लागल्या, लेकीची सर्टिफिकिटं गेली. वाकळा चिखलानं इतक्या जड झालेल्या की दोघादोघांनी ओढून काढल्या. सासूबाई म्हणाल्या टाकायच्या न्हाईत. पाईप लावून चिखल उतरवला, सोड्यात भिजवल्या, बडवल्या, कितीतरी दिवस उन्हात. सगळ्या वाचल्या. सुती कापड आणि हातचा टाका, उसवलं ते परत घातलं. त्या महिन्यात मदतीला आलेल्या सगळ्या बायका आमच्या दारात सुई घेऊन बसलेल्या. लोक विचारायचे एवढं झालंय आणि शिवता कसल्या. पण त्याच कामानं आम्हाला रात्री झोप लागायची.

विटेकरीण
ताई 🙏🙏

रानवारा
आमचे पाहुणे पण होते सांगलीवाडीला. बोटीनं काढलं त्यांना. वाईट दिवस होते.

माणगंगा
आलो परत. लोकरीबद्दल अजून थोडं लिहायचं हुतं. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, अंगाला टोचती, म्हणून लोक नाक मुरडत्यात. पण पावसात खोळ करून रानात जायला तीच लागती, पाणी लवकर आत येत न्हाय. कोकराची पहिली कातरण, जावळ, ती मऊ. जावळाचं घोंगडं म्हंजे ठेवणीतलं. मेंढ्या वर्षातनं दोनदा कातरायच्या. आता लोकरीला भावच न्हाय, कातरणाऱ्यालाच वर पैसे द्यावे लागतात, कितीजण लोकर रानात टाकून देत्यात. आणि जतकडं माडग्याळ मेंढी वाढली, अंगानं दांडगी, पण तिला लोकर थोडी.

हरभट_रोड
माडग्याळ म्हटलं की मला लोकर आठवत नाही 😋

माणगंगा
ते खरंय म्हणा. त्याच्यावरच धनगराचं घर चालतंय आता. पण ऐका, मामाच्या पोरानं माग परत उभा केलाय. मामा गेल्यावर बंद होता. मीपण शनिवारी जातो, खळ मी लावतो, कुंचा मामाचाच.

सई_कराड
दादा बघायला यायचं असेल तर? मी आणि आई. आई लोकरीचे स्वेटर करायची पूर्वी, तिला फार आवडेल. कुकर झाला माझा, थांबते

माणगंगा
या की. शनिवारी सकाळी या, ताणा उन्हात असतो तवाच बघण्यासारखं असतं. पाऊस असला तर न्हाय, खळ वाळत न्हाय.

मंजिष्ठा
मीही येणार! आणि दादा, पांढरी लोकर थोडी मिळेल का? निळीत घालून बघायचीय. पैसे देईन, फुकट नको.

माणगंगा
पोतं भरून घेऊन जावा ताई

दादासाहेब_कुंडल
@पूररेषा तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

रात्रपाळी
@कृष्णाकाठ ताई, ड्यूटी संपली. मऊ सुती, चार पदरी घ्या, लोकरीचा नको, बाळाच्या कातडीला रुततो. विणून झालं की गरम पाण्यात धुवून मगच द्या. बटण, मणी, नाडी काही लावू नका. फिका रंग चालेल, गडद चालेल, आयांना गडद जास्त आवडतो असं माझं निरीक्षण आहे. माप उद्या टाकते.